मिहानमधली नावं आणि आपली आडनावं



मिहानमध्ये कधी गेलात तर इमारती पाहू नका, फक्त पाट्या वाचा. टाटा हे नाव तिथे सॉफ्टवेअरच्या कंपनीवर आहे आणि बोइंगच्या ७८७ ड्रीमलायनर विमानासाठी फ्लोअर बीम बनवणाऱ्या कारखान्याशीही जोडलेलं आहे. तेच नाव आपल्या स्वयंपाकघरात मिठाच्या पुडीवर आणि रस्त्यावर ट्रकच्या तोंडावर. महिंद्रा हे नाव मिहानमध्ये संगणकाच्या कामावर आहे, फ्लॅटच्या स्कीमवर आहे आणि तिकडे हिंगण्याच्या एमआयडीसीत ट्रॅक्टरवर आहे. रिलायन्स विमानाच्या कारखान्यावर आहे, आणि त्याच नावाची किराण्याची, कपड्यांची दुकानं शहरात आहेत. पतंजलीच्या नावाने मिहानमध्ये संत्र्यावर प्रक्रिया होते. त्याच नावाने दंतमंजन, खाद्यतेल, बिस्किट आणि कपडे विकले गेले.

आणि या सगळ्यांच्या शेजारी विमानतळावर नाव आहे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं.

मीठ विकणाऱ्याला विमानातलं काय कळतं? ट्रॅक्टरवाल्याला संगणकातलं काय कळतं? असा प्रश्न कोणी विचारत नाही. कारण नाव ओळखीचं आहे. त्या नावावर बँक कर्ज देते, सरकार जमीन देतं, गिऱ्हाईक पैसे देतं. म्हणजे नाव हेच भांडवल आहे. आणि या देशात कोणाला नाव वारशाने मिळतं आणि कोणाला नावाचीच शिक्षा मिळते, हा धंद्याचा प्रश्न नाही, जातीचा प्रश्न आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. नावाची पत एका धंद्यातून दुसऱ्या धंद्यात जाते, हे भांडवलदार मानतो, बँक मानते, कोर्टही मानतं. मग जातीच्या नावावर लादलेला कलंकसुद्धा असाच एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात जातो, हे मान्य करायला यांची जीभ का अडखळते? आणि ते मान्य असेल तर खासगी क्षेत्रात आरक्षणाला विरोध कशासाठी?

अनुभव शून्य, नाव भक्कम

आधी मिहानमधलंच उदाहरण घेऊ. १० एप्रिल २०१५ रोजी पंतप्रधानांनी पॅरिसमध्ये ३६ राफेल विमानं घेण्याची घोषणा केली. त्याच वर्षी अनिल अंबानी यांच्या रिलायन्स समूहाला मिहानमध्ये जमीन देण्यात आली. २७ ऑक्टोबर २०१७ रोजी धीरूभाई अंबानी एअरोस्पेस पार्कमध्ये दसॉल्ट आणि रिलायन्स यांच्या भागीदारीतल्या कारखान्याची पायाभरणी झाली. तेव्हाचे मुख्यमंत्री, केंद्रीय मंत्री नितीन गडकरी, फ्रान्सच्या संरक्षणमंत्री, सगळे हजर होते.

राफेलच्या व्यवहारावर खूप चर्चा झाली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये चौकशीची मागणी फेटाळली, हेही सर्वांना माहीत आहे. मी त्या वादात शिरत नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. हिंदुस्थान एअरोनॉटिक्स ही सरकारी कंपनी १९४० पासून विमानाच्या कामात आहे. अनिल अंबानी यांच्या समूहाने तोवर वीज, टेलिफोन, वित्त, रस्ते, मेट्रो असे धंदे केले होते. विमान बांधण्याचा अनुभव त्यांच्याकडे नव्हता. मग काय होतं? नाव होतं. वडिलांनी कमावलेलं आणि मुलाला मिळालेलं.

आता या नावाची गंमत बघा. २००५ मध्ये दोन भावांनी वाटणी केली. तेल आणि पेट्रोकेमिकल थोरल्याकडे, वीज, टेलिफोन आणि वित्त धाकट्याकडे. कारखाने वाटले, शेअर वाटले, पण नाव वाटलं गेलं नाही. ते दोघांनीही ठेवलं. आज गावातल्या माणसाला विचारा, मिहानमधलं रिलायन्स कोणाचं आणि मॉलमधलं रिलायन्स कोणाचं? त्याला सांगता येणार नाही. धाकट्याची टेलिफोन कंपनी २०१९ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत अडकली. २०२० मध्ये त्यांनी लंडनच्या कोर्टात आपली निव्वळ संपत्ती शून्य असल्याचं सांगितलं. तरी पाटीवरचं नाव झळकत राहिलं, कारण एका भावाच्या दुकानातली गर्दी दुसऱ्या भावाच्या पाटीलाही उजेड देते.

मिहानच्या पुढे बुटीबोरीला जा. तिथे ६०० मेगावॅटचं वीज केंद्र उभं राहिलं, तेही याच समूहातल्या रिलायन्स पॉवरचं. पण त्या कंपनीचं नाव काय ठेवलं होतं? विदर्भ इंडस्ट्रीज पॉवर. ती कर्जात बुडाली, दिवाळखोरीचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०२५ मध्ये ती अदानी समूहाने घेतली. कोर्टाच्या कागदांवर बुडीत कर्जासमोर नाव छापलं गेलं ते विदर्भाचं. कुटुंबाचं नाव मिरवायला, आणि आपल्या प्रदेशाचं नाव बुडवायला!

सत्यम उलटं वाचा

ज्यांना वाटतं की मोठं नाव म्हणजे कमावलेला विश्वास, त्यांनी सत्यमची गोष्ट आठवावी. मिहानमध्ये सुरुवातीला जमीन घेणाऱ्यांत सत्यम कॉम्प्युटर्स होती. नावाचा अर्थच सत्य. त्याच कुटुंबाच्या बांधकाम आणि जमिनीच्या कंपन्यांचं नाव होतं मायटास. सत्यम हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून उलटा वाचला की मायटास होतो. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमच्या अध्यक्षांनी स्वतः पत्र लिहून हिशेबातला घोटाळा कबूल केला. सत्याचं खरोखरच उलटं झालं होतं.

पुढे काय झालं? महिंद्रा समूहाने कंपनी घेतली. आधी महिंद्रा सत्यम असं नाव लावलं, आणि २०१३ मध्ये ती टेक महिंद्रात विलीन केली. डागाळलेलं नाव गेलं, स्वच्छ नाव आलं. कंपनीला नवा जन्म मिळाला.

आता आपल्या पोराकडे बघा. त्याने गुन्हा केलेला नाही, घोटाळा केलेला नाही. वस्तीचं नाव आणि आडनाव ऐकून लोक तोंड वाकडं करतात म्हणून तो राजपत्रात जाहिरात देऊन आडनाव बदलतो. तरी भाड्याचं घर बघायला गेला की पहिला प्रश्न काय असतो? मूळ आडनाव काय? गाव कोणतं? कोणाकडचे तुम्ही? घोटाळेबाज कंपनीचं नाव धुवून निघतं, आणि निरपराध माणसाचं आडनाव धुतलं तरी त्याखाली जात शोधली जाते. याला बाजार म्हणत नाहीत, याला मनुवाद म्हणतात.

कायदा कोणाच्या नावाची राखण करतो?

आता कायद्याकडे येऊ. १९९९ च्या ट्रेड मार्क कायद्याखाली वस्तू आणि सेवांचे ४५ वर्ग पाडले आहेत. साधारण नियम असा, की एका वर्गातलं नाव दुसऱ्या वर्गात दुसऱ्या माणसाला वापरता येऊ शकतं. म्हणून एकाच नावाचं हॉटेल, एकाच नावाचं कापड दुकान आणि एकाच नावाची शिकवणी एकाच चौकात सुखाने नांदतात. पण नाव फार मोठं झालं की नियम बदलतो. सुप्रसिद्ध नावाला कायदा दुसऱ्या वर्गातही संरक्षण देतो.

महिंद्राचंच उदाहरण आहे. एका कागद कारखान्याने महेंद्र अँड महेंद्र पेपर मिल्स असं नाव लावलं. महिंद्रा जीप आणि ट्रॅक्टर बनवते, आम्ही कागद बनवतो, दोन्हींचा संबंध काय, असा त्यांचा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये महिंद्राच्या बाजूने निकाल दिला. या नावाने अनेक दशकांत लोकांच्या मनात स्वतःची ओळख तयार केली आहे, ती दुसऱ्याला वापरू देता येणार नाही, हा त्या निकालाचा सारांश. त्याआधी १९९४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अंतर्वस्त्रं विकणाऱ्या एका कंपनीला बेंझ हे नाव वापरायला मनाई केली होती. मोटारगाडी कुठे आणि चड्डी-बनियान कुठे! पण कोर्ट म्हणालं, हे नाव ऐकल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर ती गाडीच येते.

हा विचार नीट समजून घ्या, कारण आपल्या उपयोगाचा आहे. कोर्टाने काय मान्य केलं? नाव ऐकल्याबरोबर माणसाच्या मनात एक प्रतिमा उभी राहते. ती प्रतिमा वस्तू बदलली म्हणून पुसली जात नाही. ती एका उद्योगातून दुसऱ्या उद्योगात नावाबरोबर चालत जाते, आणि तिची किंमत पैशात मोजता येते. टाटा सन्स तर हे नाव वापरण्याबद्दल आपल्याच समूहातल्या कंपन्यांकडून रीतसर शुल्क घेते. नाव ही मालमत्ता आहे, आणि तिला भाडं आहे.

आडनावाचा हिशेब

मग हाच हिशेब आपल्या आडनावाला लावू.

२००७ मध्ये प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांत खासगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिराती येत. त्यांना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले गेले. फरक फक्त नावाचा. एक नाव उच्चवर्णीय, एक दलित, एक मुसलमान. अर्जात जात लिहिलेली नव्हती. निकाल काय आला? उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढच्या टप्प्यावर बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली. मुसलमान नावाची तर त्याहूनही कमी. मुलाखत झालेली नाही, काम बघितलेलं नाही, फक्त नाव वाचलं.

त्याच काळात सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांशी बोलून आणखी एक अभ्यास केला. आम्ही फक्त गुणवत्ता बघतो, असं अधिकारी सांगत. आणि थोड्या वेळाने तेच सांगत, की उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमी विचारणं महत्त्वाचं असतं. वडील काय करतात, घरचं वातावरण कसं आहे, कुठून आलात. हे प्रश्न म्हणजे जातीचीच चौकशी, फक्त इस्त्री केलेली.

म्हणजे जात हे या देशातलं सर्वांत सुप्रसिद्ध नाव आहे. ट्रेड मार्कचे वर्ग ४५ असतील, जातीला सगळे वर्ग खुले आहेत. शेतमजुरीत जे नाव खाली, ते गिरणीत खाली, तेच कॉर्पोरेट ऑफिसात खाली. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत, कारण तुटलेला धागा थुंकी लावून जोडावा लागे आणि सवर्ण कामगारांना विटाळ होई. यंत्र इंग्लंडचं, धंदा नवा, कारखाना आधुनिक, पण नावाबरोबर जात आत शिरलीच. १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ते उगीच नाही. ते दोन शत्रू एकाच पाटीवर राहतात.

गुणवत्तेचं गाणं

२००६ मध्ये खासगी क्षेत्रात आरक्षणाची चर्चा जोरात होती. तेव्हा उद्योगपतींच्या संघटनांनी टाटा समूहातले जे. जे. इराणी यांच्या अध्यक्षतेखाली कार्यगट नेमला. सक्ती नको, आम्ही स्वेच्छेने प्रशिक्षण आणि शिष्यवृत्त्या देऊ, असा त्यांचा सूर होता. सक्तीने कार्यक्षमता जाईल, स्पर्धेत मागे पडू, हे त्यांचं जुनंच म्हणणं.

मग विचारायला हवं, अनुभव नसताना नव्या धंद्यात शिरणाऱ्याला नावावर जमीन मिळते तेव्हा कार्यक्षमता कुठे जाते? मुलगा बापाच्या नावावर अध्यक्ष होतो ती कोणती प्रवेश परीक्षा? पतंजली या नावामागे तर कारखानदार आजोबासुद्धा नाही. प्राचीन ऋषीचं नाव उचललं आणि त्या नावावरची श्रद्धा साबणापासून तेलापर्यंत विकली. मिहानमधल्या दोनशेहून जास्त एकरांवरच्या या फूड पार्कची पायाभरणी सप्टेंबर २०१६ मध्ये झाली, आणि संत्र्याचा प्रकल्प सुरू व्हायला मार्च २०२५ उजाडला. दरम्यान, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये या कंपनीला फटकारलं आणि तिला वर्तमानपत्रांत जाहीर माफी छापावी लागली. साडेआठ वर्षं जमीन धरून बसलेल्यांना कोणी गुणवत्तेचं सर्टिफिकेट मागितलं का? आपल्या पोराला मात्र एका जागेसाठी आयुष्यभर ऐकावं लागतं, की हा कोट्यातून आला.

काही जण म्हणतील, टाटांनी शंभर-दीडशे वर्षं मेहनत केली, नाव कमावलं, त्यात वाईट काय? मेहनत मान्य. पण कोणाची? टाटांची नागपुरातली एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली, व्हिक्टोरिया राणीच्या पदवीवरून तिचं नाव पडलं. त्या गिरणीत आपल्या वस्त्यांमधल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या घाम गाळला. पुढे गिरणी सरकारच्या महामंडळाकडे गेली आणि बंद पडली. आज त्या जागेवर मॉल आहे आणि मॉलचं नावही एम्प्रेस आहे. सुताचा धंदा गेला, दुकानदारीचा आला, नाव तेच राहिलं. कामगारांची नावं मात्र हजेरीबुकातच संपली. नाव घडवणारे हात अनेक असतात, ते वारशाने मिळतं एकाच घराला.

पाटीवर बाबासाहेब, सातबाऱ्यावर कोण?

आता विमानतळाकडे वळू. बाबासाहेबांचं नाव तिथे आहे याचा आपल्याला अभिमान आहे. नावात काय आहे, असं आपल्याला कोणी शिकवू नये. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं, आणि तेही नामविस्तार म्हणून. मधल्या काळात घरं जळली, पोचीराम कांबळेंसारखी माणसं मारली गेली. नावासाठी रक्त सांडलेला समाज नावाला कमी लेखूच शकत नाही.

पण म्हणूनच विचारायचं, की नावाबरोबर वाटा का आला नाही? विमानतळ बाबासाहेबांच्या नावाचा, चालवण्याचा करार जीएमआर समूहाशी. जीएमआर म्हणजे काय? संस्थापकाच्या नावाची अक्षरं. मिहानसाठी शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव या गावांची जमीन गेली. तेव्हा १८९४ चा जुना कायदा होता. सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला मोबदला. जो त्याच जमिनीवर पिढ्यान् पिढ्या मजुरी करत होता, त्याचं नाव सातबाऱ्यावर नव्हतंच, म्हणून त्याचं काही गेलं असं कागदाने मानलंच नाही. भूमिहीन मजुराची उपजीविका गेली तर तोही प्रकल्पग्रस्त, हे भूसंपादनाच्या कायद्याला २०१३ मध्ये सुचलं. तोवर मिहानची जमीन बरीचशी घेऊन झाली होती.

आपली नावं, आपली तिजोरी

दोष फक्त त्यांना देऊन भागणार नाही. नागपूरच्या कुठल्याही आंबेडकरी वस्तीत फिरा. पंचशील, सम्यक, प्रबुद्ध, नालंदा, तक्षशिला, सिद्धार्थ ही नावं शिकवणीवर, टेलरिंगवर, मेडिकलवर, मंडप डेकोरेशनवर दिसतील. वेगवेगळे धंदे, सारखी नावं. त्या नावांचा एक अर्थ आपल्याला कळतो: हे आपल्या माणसाचं दुकान. पण टाटा या नावामागे एक तिजोरी आहे. पंचशील या नावामागे पन्नास वेगवेगळे गल्ले आहेत, आणि एक बुडाला तर शेजारच्याला पत्ताही नसतो.

बाबासाहेबांनी काय केलं? ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. कॉलेजांना सिद्धार्थ आणि मिलिंद ही नावं दिली. स्वतःचं नाव लावलं असतं तर कोणी अडवलं नसतं. त्यांनी संस्था लोकांच्या नावाने काढली आणि एका नावाखाली सामायिक ताकद उभी केली. आपण नावं उचलली, सामायिकपणा विसरलो. पतसंस्था, सहकारी खरेदी, एकत्र निविदा भरणं, एकमेकांना जामीन राहणं, हे केल्याशिवाय सम्यक हे नाव फक्त फ्लेक्सवर शोभेल.

मागण्या

म्हणून आंबेडकरी तरुणांनी मिहानपासून सुरुवात करावी असं मला वाटतं. एक, ज्या कंपन्यांना सरकारी जमीन किंवा करसवलत मिळाली, त्यांनी कायम आणि कंत्राटी कामगारांची, वरच्या आणि खालच्या पदांची सामाजिक आकडेवारी दर वर्षी जाहीर करावी. दोन, भरतीच्या पहिल्या टप्प्यात अर्जावरचं नाव आणि आडनाव झाकावं. गुणवत्तेवर एवढा विश्वास असेल तर याची भीती वाटायचं कारण नाही. तीन, ठरलेल्या मुदतीत वापर न झालेले भूखंड परत घेऊन अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांना आणि प्रकल्पग्रस्त भूमिहीनांच्या सहकारी संस्थांना द्यावेत. चार, सरकारी जमिनीवरच्या खासगी नोकऱ्यांत आरक्षणाचा कायदा करावा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे भूखंडांची यादी आहे, ती मागा आणि वस्तीत वाचून दाखवा.

त्यांच्या नावाला ४५ वर्गांत संरक्षण आहे. आपल्या नावाला निदान एका अर्जात तरी न्याय मिळायला हवा. बाबासाहेबांचं नाव दारावर आहे, तर त्या दारातून आत जाणाऱ्या आपल्या मुलाला आडनाव विचारलं जाता कामा नये.

जय भीम! जय संविधान!